भिंतीवरची उंची

सुवर्णाचा विश्वास कुणावर म्हणून नव्हता. घरच्या म्हशीचं दूधसुद्धा ती बोट बुडवून बघायची. त्यामुळं लेक ऋतिका दोन वर्षांत फुगत चालली, तेव्हा तिनं आधी घरचीच माणसं धरली. सासू पुतळाबाई नातीला चोरून लाडू चारते, हा तिचा पक्का वहीम. डब्याला कुलूप लागलं. तरी वजन वाढायचं थांबेना, मग वहीम पोरीवर आला. शाळेतून आल्या आल्या "आ कर" म्हणून ती अकरा वर्षांच्या लेकीच्या तोंडाचा वास घ्यायची.

"आई, म्या काय बी खाल्लं न्हाई."

"मंग वाऱ्यावर फुगतीस व्हय?"

रात्रीची दुसरी भाकरी बंद झाली. पोर सारखी दमलेली, भर उन्हात स्वेटर घालून बसणारी. आईला ती सगळी ढोंगं वाटायची.

न्हावरे गावाच्या पुढच्या एका वस्तीवर ऋतिकाची शाळा. तिथले हौसराव गुरुजी पंचवीस वर्षं पोरांची उंची-वजनं वहीत लिहीत आलेले. ती वही म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शेवटी सुवर्णा पोरीच्या वजनाचं विचारायला त्यांच्याकडं गेली.

"सुवर्णाबाई, तुमच्या येळची पोरं म्हंजी नुसत्या काड्या," गुरुजी पानं उलटत म्हणाले. "आता बागायत आली, बेकरी आली. उंची वाढली, आन् वजनाचं तर इचारूच नका. ऋतिका दोन वर्षांत आठ सेंटिमीटर वाढलीय. उंची वाढतीय म्हंजी आजार न्हाई. खाणं आवरा."

सुवर्णा घरी आली, पण आठाचा आकडा तिच्या डोक्यातून जाईना. ती शिवणकाम करायची. पोरीचा शाळेचा स्कर्ट तिनंच दोन वर्षांपूर्वी शिवलेला, वाढत्या अंगाचा म्हणून खाली चार बोटं दुमड घालून. कंबर दोनदा उसवून सैल केली होती. दुमडीला मात्र हात लावावा लागला नव्हता. स्कर्ट अजून गुडघ्याखाली तिथंच होता. आठ सेंटिमीटर वाढलेल्या पोरीचा? म्हणजे गुरुजी खुर्चीत बसूनच वही भरत असणार!

दुसऱ्या दिवशी ती मापाची टेप घेऊन शाळेत हजर. गुरुजींनी ऋतिकाला भिंतीवर रंगानं आखलेल्या पट्टीला उभं केलं. एकशे अडतीस. सुवर्णानं टेप लावली. एकशे एकतीस.

"टेप आटली आसंल तुमची," गुरुजी हसले.

"माझ्या टेपवर गावाची लग्नं लागल्यात, गुरुजी." ती खाली बसली आणि भिंतीचा तळ निरखू लागली. "ह्यो खालचा आकडा सात कसा? एक ते सहा कुठं गेलं?"

गुरुजी वाकले ते वाकलेच राहिले. दोन वर्षांपूर्वी वर्गात जुन्या फरशीवरच सिमेंटचा थर देऊन नवी फरशी बसवली होती. जमीन वर आली, पट्टी तिथंच राहिली.

"तरीच त्या साली समदी शाळा उंच झाली," ते पुटपुटले. "म्या पेढं वाटलं हो."

बाकीच्या पोरांच्या खऱ्या वाढीवर सात सेंटिमीटरची भर पडली होती, एवढंच. ऋतिकाच्या उंचीत मात्र त्या फरशीपलीकडं फारसं काहीच नव्हतं. गुरुजीच म्हणाले, "आजच्या आज डाक्टर गाठा."

दौंडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. थायरॉईड निघाला. "खाऊन जाड होणारं मूल सहसा उंचीलाही वाढतं. हिची उंचीच थांबली होती. हा आजार आहे, ताई. खाण्याचा दोष नाही. रोज एक गोळी द्या, सुधारेल." मग त्यांनी ऋतिकाला विचारलं, "जेवतेस ना पोटभर?"

ऋतिकानं आधी आईकडं पाहिलं. मग "व्हय" म्हणाली.

ती आपल्याला वाचवायला खोटं बोलली, हे सुवर्णाला कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एसटी स्टँडवर तिनं न विचारताच वडापाव घेतला आणि लेकीच्या हातात दिला. "खा, बाय. समदा खा."

पोरीनं कागद उघडला. पावाचे दोन तुकडे केले आणि मोठा आईपुढं धरला.

"आदी तू खा. म्हंजी म्या चोरून खाल्लं आसं तुला वाटायचं न्हाई."