दुसऱ्या ओळीनंतरचा थांबा

आमच्या चर्चमधल्या एका जुन्या गीतात दुसऱ्या ओळीनंतर सगळे थबकतात. छापील पुस्तकात हा थांबा नाही. ऑर्गन मी वाजवते, त्यामुळे तो मला फार खटकायचा. पाळकांना विचारलं, तर म्हणाले, "ती देवापुढची नम्रता." मला काही ते पटलं नाही. नम्रता काय एकाच ओळीला येते?

पूर्वी ऑर्गनला हवा द्यायला पडद्यामागे हाताने भाता मारावा लागायचा. ते काम आजोबांनी मरेपर्यंत केलं. म्हणून मी आजीला गाठलं. "आजी, तिथे भात्यातली हवा संपायची का गं?"

"हवा कसली संपतेय!" आजी खुदकन हसली. "त्या ओळीला तुझे आजोबा भात्याचा दांडा सोडून पडद्याआडून डोकावायचे. मी पहिल्या बाकावर असायचे ना! तेव्हा आमचं लग्नही ठरलं नव्हतं. आणि लग्नानंतरही ती खोड काही गेली नाही."

रविवारी ते गीत आलं. दुसऱ्या ओळीनंतर सगळे थांबले, मीही बोटं उचलली. पहिल्या बाकावर आजीने केस सारखे केले आणि पडद्याकडे पाहिलं.

पडद्यामागे आता विजेची मोटर आहे.