रंगाचा हात

चांदचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं, आणि का फिरू नये? मार्केट यार्डात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की चांद मिस्त्रीच्या हातगुणाने बापूरावांचा पोरगा अंथरुणाला खिळला. आणि हे सांगत फिरणारे कोण, तर खुद्द बापूराव, लोणी काळभोरचे, कांद्याचे अडते. त्यांचा इंद्रजीत चांदने दुरुस्त केलेल्या मोटारसायकलवरून वळणावर घसरला, खांद्याचं हाड मोडलं. मागच्या टायरवर तेल सापडलं. झालं, चांद गुन्हेगार. यार्डातले टेंपोवाले, ज्यांच्या कामावर चांदचं घर चालायचं, ते गाड्या दुसरीकडे न्यायला लागले.

"गाडी उघडतो," चांदने बापूरावांना निरोप धाडला, "पण तुमच्या गाळ्यासमोर. नाव जिथे घालवलंत तिथेच."

गाडी जुनी, परदेशी. तिला चेन नाही. इंजिनाचा जोर एका दांड्यातून मागे जातो आणि चाकापाशी बंद डब्यातले गिअर चाक फिरवतात. डब्यात तेल, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून रबरी सील. हे सील चांदने दोनदा बदललं होतं. दोन्ही वेळा गाडी पुन्हा गळली.

बापूरावांच्या गाळ्यासमोर त्याने चाक उतरवलं. हमाल जमले. सील धडधाकट, दांड्यावर चरा नाही.

"तेल जास्त भरलं असशील," बापूराव म्हणाले.

चांदने तेल काढून मापात धरलं. जास्त तर नाहीच, गळालं तेवढं कमीच भरलं.

"मग काय भुतानं सांडलं?"

चांदने दात-ओठ खात रॉकेलच्या फडक्याने डबा पुसायला घेतला आणि वरच्या बाजूला त्याचा हात थांबला. तिथे हवा जायला बारीक भोक असतं. दिसत होता फक्त काळा, चकचकीत ऑइलपेंट. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. रंगाची जाड खपली निघाली आणि खाली भोक सापडलं.

"गाडी पळाली की तेल तापतं, आतली हवा फुगते," तो म्हणाला. "ती इथून बाहेर पडते. इथे बूच बसलं की ती सीलमधून तेल ढकलते, थेट टायरवर. हा रंग कुणी दिला?"

"म्याच की," बापूराव म्हणाले. "खंडेनवमीला आमच्यात समद्या अवजारांना नवा हात देत्यात. ट्रॅक्टर, तराजू, ही बी."

"तराजूला श्वास घ्यावा लागत नाही."

हमालांत कुणीतरी फिसकन हसलं. बापूराव चवताळले. "आन् तुला रं? दोनदा उघडून बी दिसलं न्हाई?"

हे मात्र झोंबलं, कारण खरं होतं. सील गळतंय म्हणून सील बदललं, ते का गळतंय हे बघायला मान वर केली नाही. चांदला स्वतःचाही संताप आला, पण त्यामुळे बापूरावांवरचा काही कमी झाला नाही.

"नाही दिसलं. माझं चुकलं. तेही सांगा सगळ्यांना. पण दोन्ही सांगा."

"जाऊ दे आता. च्या सांगतो."

चांदने पाना पेटीत टाकला. "चहा तुम्ही घ्या. सांगितल्याशिवाय चाक बसणार नाही."

बापूरावांनी ती खपली उचलून उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी मोबाइल काढला आणि घरी लावला, नेहमीसारखा स्पीकरवर.

"इंद्रा, चांदनं न्हाई रं. भोक म्या बुजवलं व्हतं, रंगानं. तुला म्याच पाडलं."

पलीकडून पोराचा आवाज आला, "अण्णा, त्यांना यार्डभर बदनाम केलंत. तिथे सांगितलंत का हे?"

बापूरावांनी फोन खिशात घातला. गाळ्याच्या ओट्यावर चढले. समोर हमाल, टेंपोवाले, शेजारचे अडते.

"ऐका," ते म्हणाले, "माझं पोरगं..." पुढचं पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने," चांद खालून म्हणाला.