चाटलेला दगड

दादा घशाच्या आजाराने गेला. महिन्याभराने वहिनी त्याच्या कपाटातला एक पिवळा दगड किंमत करायला माझ्याकडे घेऊन आली. आम्ही दोघे भाऊ दगडांचे पारखी. ओला केला की दगडाचा रंग खुलतो, म्हणून दादाने शिकवल्याप्रमाणे मी गाढवासारखा तो आधी चाटला. मग अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली धरला, तर हिरवागार पेटला. युरेनियम! लाखांचा ऐवज हातात, आणि मी घाईने किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र लावलं. ते कडकडू लागलं. दगड शिशाच्या डबीत कोंडला, तेव्हा ते गप्प झालं. मी यंत्र ओठांपाशी नेलं. पुन्हा कडकड.

"भावोजी, एवढं काय घाबरताय?" वहिनी म्हणाली. "आमची छकुली तर रोज चाटते, अगदी बाबांसारखी."