तयार होण्याआधी आलेली हाक

बातमी आली तो दिवस चांगला चालला होता. सकाळीच मला जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलवलं होतं, कुठे काही मोडलं नव्हतं, आणि ऑफिसातली माणसं चहाचे कप घेऊन एकमेकांच्या खुर्च्यांना टेकून उभी होती. जिने मला लिहिलं, तिचा फोन टेबलावर थरथरला. पलीकडे तिचा मोठा भाऊ होता.

"बाबा गेले," दादा म्हणाला.

"कुठे गेले?" तिने विचारलं. कप अजून हातातच होता.

"अगं, गेले."

तिने कप खाली ठेवला. पर्स घेतली, मग पुन्हा ठेवली, मग नुसतीच निघून गेली. पर्स घेऊन कोणीतरी जिन्यापर्यंत तिच्यामागे धावलं.

मी कोण, ते आता सांगतो. मी ड्रायव्हर. गाडी हाकणारा नव्हे, संगणकात राहणारा. संगणकाला कुठलंही उपकरण जोडलं की दोघांमध्ये एक दुभाष्या लागतो; तो मी. माझ्या बाबतीत गंमत अशी की माझं उपकरणच खरं नाही. एकटी राहणारी म्हातारी माणसं गळ्यात एक बटण घालतात. ते दाबलं की मदत केंद्राच्या पडद्यावर त्यांचं नाव झळकतं आणि तिथून कोणीतरी धावतं. मधल्या वाटेवर, संगणकाच्या पोटात, एक प्रोग्राम घंटेचं सोंग घेऊन बसलेला असतो. ती वाजली की मी उठायचं आणि निरोप पडद्यापर्यंत न्यायचा. "खोट्या घंटेचा खरा चाकर," असं मला शंकासुर म्हणायचा. शंकासुर म्हणजे ऑफिसातला तपासनीस. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचा त्याला पगार मिळे, म्हणून हे नाव.

घंटेच्या हाकेला या धंद्यात इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम टाकून आधी तिच्याकडे बघायचं असतं. हाक पोचली की मी उलट खूण करायची. ती खूण थेट गळ्यातल्या बटणापर्यंत जाते आणि तिथला लाल दिवा हिरवा होतो. खूण मिळेपर्यंत घंटा वाजत राहते. मिळाली की तिचं समाधान होतं आणि ती गप्प बसते.

त्या खुणेला तिने नाव दिलं होतं 'आले'.

"ड्रायव्हर पुल्लिंगी ना? मग 'आलो' हवं," शंकासुर म्हणाला होता.

"माझा आहे. माझ्यासारखाच बोलणार."

खरंच तिच्यासारखाच बोललो मी. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांकडे जाई आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मला लिहीत बसे. आतून हाक येई, "अगं, आरसा धरतेस ना जरा?"

"आले, बाबा!" ती म्हणे, आणि बोटं माझ्यावरच चालत राहत.

"तुझं 'आले' येईपर्यंत दाढी पुन्हा वाढेल माझी!"

"मग पुन्हा करा. तुम्हाला दुसरं काम काय आहे?"

तेही हसत, तीही हसे. आरसा शेवटी ते खिडकीत टेकवून ठेवत. त्यांच्या गळ्यातलं बटण तिनेच आणून घातलं होतं. "गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तसं केलंस मला," म्हणायचे, पण काढायचे नाहीत. दाबायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

माझ्या जन्माच्या वेळची एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे. यंत्र सुरू झालं की मी एकदम कामाला लागू शकत नाही. हाका ठेवायला रांग मांडायची, कोणाचं बटण कोणत्या घरातलं त्याचा तक्ता उघडायचा, पडद्याशी संधान बांधायचं, आणि मग म्हणायचं, मी तयार. घंटा मात्र माझ्या तयारीची वाट बघत नाही. पहिल्या चाचणीत मी अर्धवट उठलेला असतानाच हाका आल्या. खूण कोणी करेना, म्हणून घंटा वाजत सुटली. त्या भडिमारात मला पुढचं काही मांडताच येईना आणि सगळं यंत्र गोठून बसलं.

तेव्हा तिने एक ओळ वाढवली. अजून तयार नसशील तर नुसतं 'आले' म्हण आणि सोडून दे.

"सोडून दे म्हणजे?" शंकासुराने विचारलं. "मग ती हाक जाते कुठे?"

"कुठे नाही. अरे, पापणी लवायच्या आत हा सुरू होतो. तेवढ्यात कोण मरायला हाक मारणार?"

असं आपण सगळेच बोलतो. तोही हसला आणि पुढच्या कामाला लागला.

त्या सकाळी नव्या यंत्रावर मला पापणी लवण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. तक्ता अजून जुन्या जागेवरून येत होता, मी त्याची वाट बघत होतो. घंटा वाजली. मी शिकवल्याप्रमाणे 'आले' म्हटलं आणि सोडून दिलं. घंटा गप्प बसली. मग तक्ता आला, रांग मांडून झाली, मी तयार झालो. पडदा कोरा होता. सगळ्यांनी चहा मागवला.

बाबांचे दिवस झाले. पाहुणे पांगले. वडिलांच्या घरी त्याच टेबलाशी दोघं भावंडं बसली होती, लॅपटॉप उघडा होता, म्हणून मला ऐकू आलं.

"मी केंद्रात विचारलं," दादा म्हणाला. "काही आलं नाही त्यांच्याकडे. दाबलंच नाही त्यांनी. हट्टी माणूस! गळ्यात बटण आणि खुर्चीत बसून राहिला."

"कुठली खुर्ची?"

"ही. दारासमोर ओढून घेतलेली. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाराची कडी काढलेली. कुठेतरी निघाले असतील."

तिने दाराच्या कडीकडे बघितलं. मग म्हणाली, "घरात असताना बाबा कधी कडी काढून बसायचे का रे?"

"अगं, आता त्यात काय शोधतेस?"

दादा चहा टाकायला उठला. ती त्या खुर्चीकडे बघत राहिली. बाहेर जायचं असेल तर माणूस खुर्ची दाराकडे तोंड करून मांडत नाही. तसं मांडतो तो कोणीतरी येणार असेल तर. आणि परकी माणसं येणार म्हणून बाबा शर्ट बदलणारच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने कपाटातलं एक सुटं बटण काढलं आणि शंकासुराला बोलावलं. "मी याला सुरू करते. नव्या यंत्रावर, त्या सकाळसारखं. मी सांगेन तेव्हा तू दाब."

"कशासाठी?"

"दाब म्हटलं की दाब."

तिने मला सुरू केलं. "दाब."

त्याने दाबलं. मी तक्त्याची वाट बघत होतो. मी 'आले' म्हटलं. त्याच्या हातातला दिवा हिरवा झाला. दोघं पडद्याकडे बघत राहिली. पडदा कोराच राहिला.

"हिरवा झाला की माणूस पुन्हा दाबत नाही," ती म्हणाली. "शेजाऱ्यांना फोन करत नाही. येताहेत म्हणून बसून राहतो."

शंकासुराने बटण टेबलावर ठेवलं. दिवा विझायला थोडा वेळ लागतो. 

त्याच दुपारी तिने मला पुन्हा लिहिलं. आता मी उठताच सर्वांत आधी घंटेचा लोलक बांधून ठेवतो. त्या वेळात कोणी हाक मारली तर ती घंटेपाशी थांबते, आणि बटणावर लालच दिसतं. निदान माणसाला कळतं की अजून कोणी ऐकलेलं नाही. मग रांग, मग तक्ता, मग पडदा. सगळं लागलं की शेवटी लोलक सोडतो. आणि सोडल्यावर पुढच्या हाकेची वाट न बघता एकदा स्वतः जाऊन बघतो, मी तयार नसताना कोणी येऊन थांबलं आहे का.

शंकासुराने मला इतक्या वेळा पाडलं आणि उठवलं की मोजदाद राहिली नाही. एकही हाक हरवली नाही. साहेबांना तिने झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी सगळ्या केंद्रांत जुना मी काढून नवा बसवायला लावला.

"घरी सांगितलंस?" शंकासुराने एकदा विचारलं.

"सांगणार आहे."

परवा ती काम करत असताना दादाचा फोन आला. वडिलांचे कपडे कोणाला द्यायचे, एवढंच विचारायचं होतं. बोलता बोलता त्याचा आवाज चढला.

"मला अजून राग येतो गं त्यांचा. एक बटण दाबायचं होतं. आम्ही काय परके होतो? लोक विचारतात, तर मी सांगतो, त्यांना आमची मदत नकोच होती."

"दादा..."

"काय?"

तिचा हात माझ्यावर होता. मी पूर्ण तयार होतो, मांडून ठेवलेली रांग रिकामी होती.

"काही नाही. जेवलास का तू?"

"जेवतो आता."

फोन ठेवल्यावर तिने मला बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं, उगाचच.

मी आता पुष्कळ ठिकाणी राहतो आणि नीट उठतो. बाबांनी बटण दाबलं होतं, हे दादाला सांगायचं राहिलं आहे.