नदीच्या अलीकडं पाच फेरे

खुशालरावांची अकोल्यात सरकीच्या तेलाची गिरणी आहे. शेजारच्या गिरणीवाल्यानं सोळा चाकांचा ट्रक घेतला, म्हणून यांनी तीन चाकांचं विमान घेतलं. हिशोब कसा जुळला ते मला विचारू नका, मी फक्त पायलट आहे. तोही महिनाभराच्या बोलीवर, आणि आज तिसावा दिवस.

"माह्या भाचीचा, दामिनीचा साखरपुडा हाय नागपूरले, दुपारी बाराले. मामा वेळेवर पोचला तर तू पक्का, नाहीतर तुई सुट्टी," खुशालरावांनी अकोल्याच्या शिवणी धावपट्टीवरच सांगून टाकलं. मागच्या सीटवर त्यांच्या बायको वच्छलाकाकू, मांडीवर कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा. आम्ही तिघं उडालो.

नांदगाव पेठेच्या कापड गिरण्यांची पत्र्याची छपरं मागं गेली, तिवसा आलं आणि रेडिओ भरून गेला. एक विमान उतरत होतं, दोन निघत होती, एकात प्रवासी आजारी होता. त्यातच या सगळ्यांना वाट देणाऱ्या नागपूर कंट्रोलच्या बाईंचा आवाज माझ्याकडं वळला. बोलणं सगळं इंग्रजीत असतं, मी आपलं मराठीत सांगतो.

"कौंडण्यपूरवर थांबा. उंची साडेपाच हजार फूट, डावीकडून चकरा. नदीवर वायुदलाचं विमान सराव करतंय. परवानगीशिवाय वर्धा नदी ओलांडायची नाही."

मी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला आणि विमान डावीकडं कलवलं. घड्याळात साडेदहा. इंधन मोजून घेतलेलं. दहा पन्नासपर्यंत परवानगी आली नाही तर अमरावतीला माघारी फिरायचं. मग मामा गाडीनं निघणार, पंगतीला पोचणार, आणि मी घरी.

"काहून फिरला बे?" खुशालराव.

"थांबायले सांगतलं, काका."

"आपल्याले? बाहेर? अबे, आमच्या घरी कुत्रंबी दारात थांबत नाही, सरळ चुलीपाशी येते. त्याले सांग, खुशालराव आले म्हना."

"बाई हाय, काका. सहा विमानं सांभाळून राहिली."

"आमी एका वाड्यात बावीस पोट्टे सांभाळले. कोनाले बाहेर नाही ठेवलं. घाल आत. होते का जास्तीत जास्त? बोलतीन दोन शब्द."

"लायसन जाईन माह्यं."

"दुसरं काढू."

तेवढ्यात वायुदलाचं लठ्ठ मालवाहू विमान नदीवरून, आमच्याच उंचीवरून गेलं. पायलटच्या टोपीचा रंग सांगता आला असता. खुशालरावांनी पाय आखडून घेतले, जसे काही ते रस्त्यात होते.

"थांबू थोडं," ते म्हणाले.

त्यांचं मन रमावं म्हणून मी बोललो, आणि तिथंच चुकलो. "खाली पाहा, कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. आपन प्रदक्षिणाच घालून राहिलो समजा."

काकूंनी खिडकीला नाक लावलं. "अगं बाई! देऊळ डाव्या हाताले? कार्याच्या दिवशी उलटी प्रदक्षिणा? गजू, उजवीकडून घे."

"काकू, बाईनं डावीकडून सांगतलं."

"तिले इचार ना मंग. तिचंबी माहेर असनच कुठं तरी."

मी विचारलं. नागपूर म्हणालं, "कारण?"

मी दोन सेकंद नदीकडं पाहिलं. "प्रवाशांची सोय."

परवानगी मिळाली. दहा छत्तीस. पण काकूंचा हिशोब पक्का होता: उलटे पडलेले तीन फेरे आधी उलगडायचे, मग खरे पाच. एकूण आठ. एका फेऱ्याला दोन मिनिटं. गणित मी तोंडावर आणलं नाही.

तीन उलगडले. खऱ्यातले दोन झाले. दहा शेहेचाळीस. रेडिओ कडाडला: "दोन मिनिटांत नदी ओलांडा आणि सरळ या. नंतर अर्धा तास जागा नाही."

"तीन राह्यले!" काकू ओरडल्या.

मी खुशालरावांकडं पाहिलं. पंधरा मिनिटांपूर्वी हा माणूस विनापरवानगी नागपुरात शिरणार होता. आता तो खिडकीतून ढग तपासत होता. ढग नव्हते.

"काकू, खाली उतरलो का तुमचं सगळं ऐकीन. इथं माह्यं चालते," मी म्हणालो, बाईंना होकार दिला आणि नदी ओलांडली.

"हा पोट्टा नाही पायजे मले!" काकू म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढा याले कामावरून!"

अशा रीतीनं साडेपाच हजार फुटांवर माझी नोकरी गेली. मी विमान चालवत राहिलो. दुसरं काही सुचलं नाही.

नदी मागं पडली. मग खुशालरावांनी घसा खाकरला. "वं, मंग हे उतरवन कोन?"

काकूंनी विचार केला. "उतरवू द्या. उतरल्यावर काढा."

"अन् वापस?"

"...अकोल्याले गेल्यावर काढा."

"परवा यवतमाळले बारसं हाय तुह्या भावाकडं."

"बारसं झालं का काढा."

"एकोणीसले चंद्रभानच्या पोरीचं लग्न. गोंदियाले. गाडीनं तुई कंबर धरते."

काकूंनी पिशवीतून छोटी डायरी काढली. मी नागपूरला उंची कळवली, उतरायची परवानगी घेतली, परत म्हणून दाखवली. मागं पानं उलटण्याचा आवाज येत होता. मधूनच काकू पुटपुटत, "या दिवशीबी नाही जमत."

धावपट्टी समोर दिसली तेव्हा त्या पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत पोचल्या होत्या.