टाचेतला थेंब

"अजून थोडी ऊब द्या, मावशी. थंड टाचेतून रक्त येत नाही," जयमाला सिस्टर म्हणाल्या.

गिरजाबाईंनी तीन दिवसांच्या नातीचं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं. कोपरखैरण्याच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आया म्हणून त्यांची एकवीस वर्षं गेली होती. अलीकडची काही वर्षं रोज सकाळी चार-पाच बाळांच्या टाचा त्या अशाच ऊब देऊन सिस्टरपुढे करत. सिस्टर सुई टोचत, जाड कागदावर छापलेल्या गोलांत थेंब टिपत आणि कागद वाळला की पाकिटातून पावणे गावातल्या लॅबला पाठवत. पुढे त्याचं काय होतं, हे गिरजाबाईंनी कधी विचारलं नव्हतं. आज टाच घरची होती, म्हणून पोर किंचाळली तशी त्यांनी मान फिरवली.

"आत्या, एवढ्याशा जिवाला कशाला टोचतेत?" पायल पलंगावरून कळवळून म्हणाली. ती गिरजाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. अंकुशची बायको होऊन आली, तरी तिच्या तोंडी आत्याच राहिली होती.

"तपासनी असती, बाई. समद्या लेकरांची करतेत."

दुसऱ्या दिवशी मायलेकी तुर्भ्याच्या घरी आल्या. पहिले दोन दिवस बरे गेले. मग पोर पिऊन झालं की ओकायला लागली. डोळ्यांत पिवळी झाक आली. आदल्या दिवशी आळी डोक्यावर घेणारी पोर नुसती झोपून राहू लागली. शेजारणी म्हणाल्या, कावीळ सगळ्याच बाळांना होते, कोवळ्या उन्हात धरा. पायल उन्हात धरायची. गिरजाबाई मात्र पोरीकडे बघायचं टाळू लागल्या. असं पिवळं पडत जाणारं, मान टाकणारं लेकरू त्यांनी याआधी दोनदा मांडीवर घेतलं होतं.

घरी आल्याच्या सातव्या दिवशी दुपारी गिरजाबाई वॉर्डात चादरी बदलत होत्या. जयमाला सिस्टर धावतच आल्या.

"मावशी, पायल फोन का उचलत नाही?"

"बाळ झोपलं की ती फोन बंद करून ठेवती. का वं?"

"अंकुशचाही लागत नाही."

"कंपनीत फोन लॉकरात ठेवून घेतेत. काय झालं, सिस्टर?"

सिस्टरनी त्यांना स्टुलावर बसवलं. "लॅबमधून फोन आलाय. त्या कागदावरच्या थेंबात सापडलंय. दुधातली एक साखर असते, ती पचवणारं एन्झाइम तुमच्या नातीच्या अंगात बहुतेक नाही. दूध पोटात गेलं की ती साखर साठते आणि यकृत बिघडतं. अजून एक तपासणी करून खात्री करतील, पण तोवर थांबायचं नाही. आत्ता घरी जा. आईचं दूध एक थेंबही द्यायचं नाही. बाळाला तसंच उचलून इकडे आणा. डॉक्टर थांबल्यात."

"आईचं दूध?"

"हो, मावशी. आईचंच. लवकर निघा."

गिरजाबाई रिक्षात बसल्या. ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली, सुटली, पुन्हा अडकली. घरी जाऊन पायलला काय सांगायचं, ते वाक्य त्या मनात जुळवत होत्या. जुळवायची गरज नव्हती. ते वाक्य त्यांना छत्तीस वर्षांपासून पाठ होतं. जालन्याकडच्या त्यांच्या गावी, दुसरं लेकरू गेलं त्या दिवशी, सासूनं चार बायकांदेखत म्हटलं होतं, "हिचं दूध कडू हाय. हिनं आपलीच लेकरं खाल्ली." सासूनं वाटीत त्यांचं दूध पिळून घेतलं आणि त्यात मुंगी सोडली; मुंगी मेली तर दूध विषारी, अशी समजूत. मुंगी काठाकाठानं चढून चालती झाली, तरी बाईचं समाधान झालं नाही. पुढे अंकुश झाला तेव्हा त्याला गिरजाबाईंच्या छातीला लावूच दिलं नाही. शेळीच्या दुधावर पोर वाढलं, बाळसं धरलं, आणि साऱ्या गावाला पुरावा मिळाला. गिरजाबाई पहाटे गोठ्यामागे जाऊन दूध पिळून मातीत टाकत. अंकुश पलीकडे रडत असायचा. नवरा वारल्यावर त्या पोराला घेऊन इकडे आल्या आणि यातलं अवाक्षर कुणापुढे काढलं नाही.

घरात पाऊल टाकलं तेव्हा पायल पोरीला पदराखाली घेत होती.

"पायल, थांब! पाजू नको."

"आत्या, सकाळधरनं न्हाई पिली ती."

"नको म्हनते ना! दूध बंद कर. आन इकडं तिला." गिरजाबाईंनी पोर जवळजवळ हिसकावून घेतली. त्यांचा आवाज त्यांना सासूचा वाटला.

पायल पांढरीफटक पडली. पदर सावरायचंही तिला सुचेना. "माझ्या दुधात काय हाय, आत्या?" ती हळूच म्हणाली. "वाईट हाय का माझं दूध?"

गिरजाबाई तिच्यापुढे खाली बसल्या. पोर एका हातावर, दुसरा हात पायलच्या गालावर. "न्हाई गं माय. तुझ्या दुधात काई वाईट न्हाई. तुझं दूध गोड हाय. हिच्या अंगात ते पचवायची ताकद न्हाई, एवढंच. ऐकतीस का? दुधाचा दोष न्हाई." त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. पायलनं मान हलवली, तरी त्यांना थांबता येईना. शेवटी रिक्षावाल्यानं बाहेरून हॉर्न दिला, तेव्हा दोघी उठल्या.

बाळाला काचेच्या खोलीत ठेवलं. सलाइन लागलं, औषधं सुरू झाली, मग सोयाबीनपासून केलेलं दूध चमच्या-चमच्यानं. दुसरी तपासणीही तेच म्हणाली. पायलचं दूध वाया गेलं नाही. पलीकडच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते जाऊ लागलं. अंकुश दोन दिवस काचेपुढून हलला नाही. तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले आणि हातपाय झाडून असा टाहो फोडला की गिरजाबाई हातातला पोछा टाकून धावल्या. पोर भुकेनं रडत होती. एवढ्या वर्षांत हजारो बाळांची रडणी ऐकलेली ती बाई काचेला कपाळ लावून ऐकतच राहिली. पावण्याच्या लॅबमधल्या कुणीतरी, ज्यानं ना पोर पाहिली, ना तिची आई, कागदावर वाळलेल्या थेंबातून हे वाचलं होतं. रोज सकाळी आपण धरलेल्या त्या टाचांत एवढं लिहिलेलं असतं, हे गिरजाबाईंना त्या दिवशी कळलं.

आठवड्यानं डॉक्टर जाई मॅडमनी घरच्यांना बोलावलं. दूध, दही, दुधाची मिठाई पोरीला आयुष्यभर वर्ज्य. बोलायला थोडी उशिरा शिकेल कदाचित. लक्ष ठेवायचं, वेळेवर दाखवायला आणायचं. पायलनं सगळं वहीत उतरवून घेतलं. मग मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला आणि पेन्सिल घेतली.

"हे आईवडील दोघांकडून येतं. घरात आधी असं कुणी लेकरू गेलंय का?"

अंकुश म्हणाला, "नाही, मॅडम."

"गेलंय," गिरजाबाई म्हणाल्या.

अंकुशनं वळून आईकडे पाहिलं. गिरजाबाईंनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. कावीळ, ओकाऱ्या, दहावा-बारावा दिवस. नवरा त्यांच्या सख्ख्या आत्याचाच मुलगा होता हेही. आणि सासूचं ते वाक्य. शेवटी म्हणाल्या, "ह्यो अंकुश शेळीच्या दुधावर जगला, मॅडम. माझ्या दुधावर न्हाई."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. "मावशी, शेळीच्या दुधातही तीच साखर असते."

"म्हंजी?"

"म्हणजे अंकुशला ती पचत होती. तुमच्या दुधावरही तो तसाच वाढला असता. त्या दोघांची तपासणी झाली नव्हती, म्हणून छातीठोक सांगता येणार नाही. पण बहुधा त्यांना हाच आजार होता. तुमच्या दुधात काहीच वाईट नव्हतं."

अंकुशनं आईचा हात धरला आणि धरूनच ठेवला. गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "लई दूध व्हतं मला."

थोड्या वेळानं डॉक्टरांनी कागद सर्वांना दिसेल असा धरला. "चौकोन म्हणजे मुलगा, गोल म्हणजे मुलगी. या तुम्ही, हे तुमचे यजमान. ही खाली नात. आणि ही अंकुशच्या आधीची दोघं. नावं काय होती त्यांची?"

"बारशाआधीच गेली, मॅडम."

"मग नुसती खूण राहू दे."

गिरजाबाई कागदावर वाकल्या. त्या दोघांची नोंद ना ग्रामपंचायतीत होती, ना रेशन कार्डावर. पेन्सिलीनं काढलेला चौकोन आणि त्याच्या शेजारी गोल त्यांनी कितीतरी वेळ पाहिला. मग कामानं खरखरीत झालेलं बोट गोलावर ठेवलं.

"मॅडम, पोरगी आधीची. ती थोरली."

डॉक्टरांनी खोडरबर घेतला, दोन्ही खुणा पुसल्या, आणि पहिल्या जागी गोल काढला.