तुळईखालचा ओटा

पुष्पावतीला उभ्यानं स्वयंपाक करायचा होता, एवढीच तिची हौस. लेक साळू झाली त्या बाळंतपणापासून तिची कंबर धरली होती. चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. नगरला चुलतबहिणीकडं तिनं ओटा पाहिला होता. शहाबादी फरशीचा, कमरेइतका उंच, वर चूल, चुलीवर धुराडं, शेजारी मोरी. तेव्हापासून तो तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

नवरा मच्छिंद्र नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होता. शनिवारच्या एसटीनं शेवगावला उतरायचा, तिथून दोन कोस चालत गावी यायचा. दिवाळीचा बोनस त्यानं जपून ठेवला होता. वैशाखात, घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, नवी पांढरी माती टाकून झाल्यावर, त्यानं गहिनीनाथ गवंड्याला बोलावलं.

आराखडा पुष्पावतीनंच काढला. कोळशानं जमिनीवर रेघा मारून दाखवल्या. इथं ओटा, इथं मोरी, उगवतीच्या भिंतीत खिडकी. गहिनीनाथनं रेघांवरून चालत जाऊन पाहिलं आणि घरातल्या खांबावर थाप मारली.

"सगळं बसतंय बाई, पन ह्यो खांब वट्याच्या मधीच येतोय. काढायचा म्हनलं तर तुळईखाली लोखंडी रूळ टाकावा लागंल."

त्या खांबावर तुळई होती, तुळईवर आडव्या लाकडी कड्या, आणि कड्यांवर हातभर मातीचं धाबं. रुळाची किंमत ऐकून मच्छिंद्रनं बोटांवर हिशोब केला. रूळ घेतला तर फरशी जाणार होती, साध्या दगडमातीचा ओटा करावा लागणार होता. त्यानं बायकोकडं पाहिलं.

"तुळई सागाची हाय न्हवं?" पुष्पावती म्हणाली. "मग रूळ कशाला?"

"हाय सागाची. ह्यांच्या आज्याच्या वक्ताची. भिंतीत रुतलेलं टोक काय दिसत न्हाई, पन..." गहिनीनाथनं तो 'पन' तसाच सोडून दिला आणि कुणी त्याला पुढं विचारलं नाही.

रूळ न टाकताच खांब निघाला. नवं लाकूड घ्यायला नको म्हणून तोच कापून खिडकीची चौकट केली. आठ दिवसांत ओटा उभा राहिला. सासू आक्काबाई आयुष्यभर जमिनीवर बसून भाकरी थापलेली. तिनं फरशीवरून हात फिरवला, मग पदरानं तीच जागा पुसली. "आरशावानी झालीया," म्हणाली, आणि शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला आणि पुरणपोळीला सांगून आली.

पहिली माती पडली ती सोमवारी, मच्छिंद्र नागापूरला गेल्यावर. पुष्पावती पीठ मळत होती. परातीत चिमूटभर माती झरली. तिनं वर पाहिलं. उंदीर असेल म्हणून ती माती बोटानं काढून टाकली. थोड्या वेळानं वरून बारीक आवाज आला, ओलं लाकूड चुलीत चरचरतं तसा. चुलीत लाकडं कोरडी होती.

साळूची झोळी ओट्याजवळच्याच कडीला बांधलेली होती. तिनं ती सोडली आणि ओसरीवर नेऊन बांधली.

मग तिनं मच्छिंद्रच्या पिशवीतला एक लोखंडी नट घेतला, दोऱ्याला ओवला आणि तुळईच्या मधोमध असलेल्या खिळ्याला टांगला. नट फरशीच्या वर चार बोटं राहील असा दोरा ठेवला. गवंड्याचा ओळंबा तिनं पाहिला होता, त्यावरून तिला हे सुचलं.

मंगळवारी चार बोटं होती. तिला जरा बरं वाटलं, आपल्याच भित्रेपणाची लाजही वाटली. बुधवारी सकाळी तिनं बोटं धरली तर तीनच मावली. दोऱ्याला ताण पडला असेल म्हणून तिनं दोरा सोडून पुन्हा मापून पाहिला. दोरा होता तेवढाच होता.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "तुळई खाली यायला लागलीया."

"नवं काम हाय. घर बसकन घेतंच," आक्काबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "सनासुदीचं वंगाळ बोलू नगं."

गुरुवारी पुष्पावती साळूला कडेवर घेऊन गहिनीनाथच्या घरी गेली. तो खर्ड्याला कामाला गेला होता, पाच-सहा दिवस येणार नव्हता. मच्छिंद्रला पत्र टाकलं तर पत्राआधी तोच घरी पोचला असता. वाटेत शेजारचा बन्सी भेटला. त्याला तिनं सांगितलं, तर तो हसला. "वैनी, सागाची तुळई हाय ती. तुमीआमी जाऊ, ती न्हाई जायची."

परत येताना तिचे पाय घराकडं वळेनात. आपणच फरशी मागितली, हे तिला आतून कुरतडत होतं. नवऱ्यानं आपल्याकडं पाहिलं होतं, तेव्हा रूळ म्हणायला तोंड होतं की. आता आरडाओरडा करायचा आणि काहीच झालं नाही, तर गावभर हसं. काही झालं तर मात्र हसायलाही कुणी उरणार नाही. घरी आल्यावर तिनं बोटं धरली. दोन.

शुक्रवारी दुपारपर्यंत अंतर दीड बोटावर आलं. पुरण शिजत होतं. वेलदोड्याचा वास सुटला होता आणि पुष्पावती घडीघडीला नटाखाली बोटं धरून बघत होती. "आज बायका ओसरीवरच बसू द्या," तिनं एकदा म्हणून पाहिलं. आक्काबाई तिच्याकडं बघतच राहिली. "वटा बघायलाच येत्यात की त्या. वटा काय ओसरीवर न्यायचा?"

बायका आल्या. चांगुणा आली, गोजरबाई आली, बघता बघता नऊजणी ओट्यापुढं दाटीवाटीनं बसल्या. कुणी फरशीला हात लावून बघत होती, कुणी धुराड्यात डोकावत होती. आक्काबाई कधी नाही ते हसत होती. पुष्पावती ओट्यापाशी उभी राहून पोळी लाटत होती, पण तिची नजर नटावर होती.

टक्.

आवाज एवढा बारीक की बाकी कुणाला ऐकू गेला नाही. नट फरशीला टेकला. मग आडवा झाला. मग त्याच्या वरचा दोरा हळूच सैल पडला आणि त्याला पोक आला.

पुष्पावतीच्या हातातलं लाटणं थांबलं. धाबं पडतंय म्हणून सांगितलं तर काय होईल, ते तिला ठाऊक होतं. सासू दटावणार, बायका वर बघत बसणार, चांगुणा दोन प्रश्न विचारणार. एवढा वेळ नव्हता.

"इच्चू," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चुलीमागनं इच्चू निघालाय. काळा. तुमच्यातच शिरलाय."

एका दमात नऊच्या नऊ बायका उठल्या. लुगडी सावरत, एकमेकींना ढकलत दाराबाहेर पडल्या, आणि ओसरीवर न थांबता थेट अंगणात गेल्या. जाताना चांगुणानं झोळीतली साळू उचलून नेली. पुष्पावतीनं पाण्याची घागर चुलीवर उपडी केली. निखारे फसफसले, राखेचा लोट उठला.

पण आक्काबाई बाहेर गेली नव्हती. तिनं कोपऱ्यातली वहाण उचलली होती आणि ओट्याखाली वाकून बघत होती.

"कुटं हाय? मला दाव."

"आत्याबाई, चला."

"अगं, मारल्याबगर कसं चालंल? पोर रांगती घरात."

वर कडकन आवाज झाला. पुष्पावतीनं सासूचं मनगट धरलं आणि ओढलं. म्हातारी अडखळली, वहाण हातातून सुटली. उंबऱ्यात पुष्पावतीचा पाय ठेचाळला, पण हात तिनं सोडला नाही. दोघी ओसरीवर पडल्या, तशाच सरपटत पायऱ्या उतरल्या. मागून धप्प असा आवाज आला, खोल, जमिनीतून आल्यासारखा. दारातून पांढऱ्या मातीचा लोट बाहेर आला आणि अंगणातलं काही दिसेनासं झालं.

माती खाली बसायला बराच वेळ लागला. बायका एकमेकींना हाका मारून मोजत होत्या. नऊ. साळू चांगुणाच्या खांद्यावर रडत होती. तिचं रडणं ऐकल्यावर पुष्पावती अंगणातच बसली. दाढा एकमेकींवर वाजत होत्या. भर वैशाखात तिला थंडी वाजत होती.

आक्काबाई तिच्याशेजारी येऊन बसली. दोघींचे केस, भुवया, सगळं पांढरं झालं होतं.

"इच्चू हुता का गं?"

"न्हाई."

म्हातारीनं पदरानं तोंडावरची माती पुसली. "मलाबी ऐकू येत हुतं," ती म्हणाली. "परवापसनं."

"मग बोलला का न्हाई?"

"पोरानं घरदार सोडून, राबून केलेलं काम. पडंल म्हनून कुनी म्हनावं? माझं तोंडच उचललं न्हाई." तिनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मच्छिंद्र आला. वाटेतच त्याला बातमी लागली होती आणि तो धावत आला होता. आधी त्यानं तिघींना डोळे भरून पाहिलं. मग ढिगाऱ्यात शिरून तुळईचं भिंतीतलं टोक ओढून काढलं. वाळवीनं ते आतून पोखरलं होतं. त्यानं बोट घातलं तर भुसा सांडला.

"फरशी म्याच मागितली," पुष्पावती म्हणाली.

"आन् हो मी म्हनलं," तो म्हणाला. "पुन्यांदा हे बोलायचं न्हाई."

ढिगाऱ्यात फरशीचे दोन तुकडे धड निघाले. घरामागं पत्र्याचं छप्पर घालून त्यांचाच आखूड ओटा केला. पुष्पावती त्यावर उभ्यानं भाकरी करू लागली. कंबर खरोखरच कमी दुखायची. पण भीती काही गेली नाही. वारा सुटून पत्रा वाजला की ती पीठभरल्या हातांनी साळूला उचलून अंगणात येऊन उभी राही, आणि आक्काबाईही काही न विचारता तिच्यामागं बाहेर येई. पुढं कितीतरी वर्षं, कुणाच्याही घरी बोलावणं असलं तरी पुष्पावती उंबऱ्यातच थांबे, आधी वर बघे, आणि मगच आत पाऊल टाके.